अडगळीतल्या संगणकाचा घरगुती सर्व्हर: खर्च नेमका कुठे होतो?

१४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट्स थांबवले आणि अनेक घरांतले धडधाकट संगणक त्या दिवशी जुने ठरले. विंडोज ११ला साधारण आठव्या पिढीपासून पुढचा इंटेल प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय लागते. २०१४च्या सुमारास असेंबल करून घेतलेला चौथ्या पिढीचा आय-३ त्यात बसत नाही. भंगारात त्याला फारसं कुणी विचारत नाही आणि तो टाकून द्यायचीही इच्छा होत नाही. मग कुणीतरी सुचवतं, ‘याचा घरचा सर्व्हर कर.’ घरातल्या सगळ्यांच्या फोनमधले फोटो, सातबारा-दाखले-पॉलिसींचे स्कॅन, लग्नाचे व्हिडिओ हे सगळं एका जागी ठेवायचं आणि घरातल्या कुठल्याही फोनवर, टीव्हीवर उघडायचं.

कल्पना चांगली आहे आणि तांत्रिकदृष्ट्या फार अवघडही नाही. पण ‘यंत्र घरात आहेच, म्हणजे काम फुकटात होईल’ असं धरून चालाल तर हिशोब फसेल. जुन्या संगणकाच्या सर्व्हरला दोन मोठे खर्च असतात. एक विजेचा आणि दुसरा नव्या हार्ड डिस्कचा. विजेचा आकडा यंत्रागणिक इतका बदलतो की एखाद्या घरात हा बेत उत्तम ठरतो आणि शेजारच्या घरात तोट्याचा. म्हणून पेचकस हातात घेण्याआधी वीज मोजा.

एक वॅट, वर्षाला शंभर रुपये

एक वॅट वीज खाणारं उपकरण वर्षभर अखंड चालू राहिलं तर ८.७६ युनिट जळतात. युनिटला १२ रुपये धरले तर वर्षाचे १०५ रुपये होतात. थोडक्यात, दर वॅटमागे वर्षाला साधारण शंभर रुपये. पुढचे सगळे निर्णय या एका आकड्यावर घेता येतात.

१२ रुपये हा दर मी हिशोबासाठी धरला आहे. तुमचा दर तुमच्या बिलावरून काढा, पण एकूण रक्कम भागिले एकूण युनिट असं करू नका. स्थिर आकार तुम्ही सर्व्हर नसतानाही भरताच. सर्व्हरची युनिटं तुमच्या आजच्या वापराच्या वर चढतात, त्यामुळे त्यांना तुमच्या सर्वांत वरच्या टप्प्याचा दर लागतो. महावितरणचे घरगुती टप्पे १०० युनिटपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे असे आहेत. महिन्याला ९५ युनिट वापरणाऱ्या घरात सर्व्हर आला की त्याची बहुतेक युनिटं पुढच्या टप्प्यात जातात, आणि तिथला दर पहिल्या टप्प्याच्या दुपटीच्या आसपास असतो. त्या टप्प्याचा वीज आकार, त्यात वहन आकार, लागू असेल तर इंधन समायोजन आकार आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क अशी बेरीज केली की तुमचा खरा दर मिळतो. मुंबईत बेस्ट, टाटा किंवा अदानीचं बिल असेल तरी पद्धत हीच.

आता यंत्र किती वॅट खातं ते पाहू. डब्यावर लिहिलेले ४५० वॅट ही संगणकाला वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसची कमाल क्षमता असते, त्याचा इथे उपयोग नाही. सर्व्हर दिवसातला बहुतांश वेळ रिकामा बसलेला असतो, त्या वेळचा आकडा हवा. पेन्टियम ४ किंवा कोअर टू ड्युओच्या काळातला डेस्कटॉप रिकामा बसूनही ६० ते १०० वॅट घेतो. चौथ्या-सहाव्या पिढीचा, वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेला डेस्कटॉप २५ ते ४० वॅटमध्ये भागवतो. जुना लॅपटॉप पडदा बंद ठेवून ८ ते १५ वॅटवर चालतो. कार्यालयांतून निघणारे पुस्तकाएवढे छोटे डेस्कटॉपही साधारण तेवढ्यातच बसतात. म्हणजे ७५ वॅटचा ‘फुकट’ संगणक वर्षाला जवळपास ७,९०० रुपयांची वीज घेणार आणि १२ वॅटचा लॅपटॉप सव्वा हजाराची.

मोजण्यासाठी सॉकेटमध्ये बसणारा वॅटमीटर ऑनलाइन साधारण हजार रुपयांच्या आसपास मिळतो. तो घ्यायचा नसेल तर घराचा वीजमीटरच हे काम करतो. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि शेजारी ३२०० किंवा १६०० असा आकडा छापलेला असतो. एका युनिटमागे दिवा तितक्या वेळा लुकलुकतो. घरातलं बाकी सगळं बंद करा (फ्रिज आणि इन्व्हर्टरचं चार्जिंग विसरू नका), फक्त संगणक चालू ठेवा आणि दोन चमकांमधले सेकंद मोजा. मीटर ३२००चा असेल तर ११२५ला त्या सेकंदांनी भागा, उत्तर वॅटमध्ये येतं. २५ सेकंदांनी एक चमक म्हणजे ४५ वॅट. १६००च्या मीटरला ११२५च्या जागी २२५० घ्या. एका चमकेवर विसंबू नका, पाच-सहा चमकांची सरासरी घ्या. संगणक सुरू केल्याकेल्या मोजू नका, दहा मिनिटं शांत बसू द्या.

आकडा जास्त आला तर पहिलं काम म्हणजे ग्राफिक्स कार्ड काढणं. जुनी कार्डं काही न करताही १० ते ३० वॅट पितात, आणि प्रोसेसरमध्येच ग्राफिक्स असेल तर सर्व्हरला वेगळ्या कार्डाची गरज नसते. जुन्या मोठ्या हार्ड डिस्क प्रत्येकी पाच-सात वॅट घेतात, त्यांतली नको असलेली सोडवून ठेवा. एवढं करूनही आकडा ५०च्या वर राहिला, तर माझं मत स्पष्ट आहे. हे यंत्र सर्व्हर करू नका. तीन वर्षांच्या विजेच्या फरकात कार्यालयीन वापरातला छोटा डेस्कटॉप सेकंडहँड येतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेकडे सहाव्या पिढीची अशी यंत्रं साधारण ७ ते १२ हजारांत पाहायला मिळतात. छपरावर सौर पॅनेल असतील आणि वर्षाखेरीस युनिटं शिल्लक राहत असतील तर गोष्ट वेगळी, मग जास्त खाणारं यंत्रही परवडतं.

दुसरा उपाय वेळेचा. घरच्या सर्व्हरने रात्री दोन वाजता जागं असण्याची गरज क्वचित असते. ३० वॅटचा डेस्कटॉप चोवीस तास चालवला तर वर्षाला २६३ युनिट, सोळा तास चालवला तर १७५ आणि फक्त संध्याकाळचे सहा तास चालवला तर ६६ युनिट. बहुतेक यंत्रांच्या बायोसमध्ये ठरावीक वेळी आपोआप सुरू होण्याची सोय असते आणि लिनक्सला ठरावीक वेळी बंद व्हायला सांगता येतं.

पुसण्याआधी

इथे घाई करू नका. सर्व्हर करायचा म्हणजे जुन्या डिस्कवरचं सगळं पुसून लिनक्स टाकायचं, आणि मराठी घरातल्या जुन्या संगणकात अशा काही गोष्टी असतात की त्या पुन्हा मिळत नाहीत. श्रीलिपी, कृतिदेव, आकृती अशा जुन्या फाँटांत टाइप केलेले मजकूर हे त्यातलं सर्वांत ठळक उदाहरण. सोसायटीची इतिवृत्तं, वडिलांचे लेख, कुलवृत्तान्ताच्या याद्या, जमिनीच्या दाव्याचे अर्ज अशा कितीतरी गोष्टी युनिकोड रुळण्याआधी याच फाँटांत लिहिल्या गेल्या. त्या फाइली नव्या यंत्रावर कॉपी झाल्या तरी तो फाँट नसेल तर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कालवा दिसतो. तेव्हा जुनं विंडोज चालू आहे तोवर प्रत्येक महत्त्वाची फाइल उघडून तिची पीडीएफ करून ठेवा. मूळ फाइली जपाच, आणि विंडोजच्या ‘फाँट्स’ फोल्डरची पूर्ण प्रत शेजारी ठेवा. पुढे युनिकोडमध्ये बदल करायचा झाला तर या तिन्ही गोष्टी लागतील. पेजमेकरमधल्या पत्रिका आणि टॅलीचे जुने हिशोबही आत्ताच पाहून घ्या. टॅलीचा बॅकअप घ्या आणि ती कुठली आवृत्ती होती ते कागदावर लिहून ठेवा.

जुन्या डेस्कटॉपकडे आणखी एक मोलाची गोष्ट असते, ती म्हणजे डीव्हीडी ड्राइव्ह. नव्या लॅपटॉपांतून तो गायब झाला आहे. लग्न-मुंजींच्या ज्या सीडी-डीव्हीडी कपाटात पडून आहेत त्या उतरवून घ्यायला हेच यंत्र कामाचं. एका व्हीसीडीत साधारण सातशे मेगाबाइट आणि एका साध्या डीव्हीडीत ४.७ जीबी मावतं, म्हणजे पन्नास डीव्हीडी असल्या तरी अडीचशे जीबीच्या आत काम होतं. घरी लिहिलेल्या डिस्कवरचा रासायनिक थर वर्षांगणिक खराब होतो, त्यात कोकणातल्या दमट हवेत बुरशीही धरते. सर्व्हर करायचा नाही असं ठरलं तरी हे एक काम संगणक टाकून देण्याआधी उरकून घ्याच. डिस्क वाचताना अडखळली तर मऊ कापडाने मधून कडेकडे पुसा, गोल फिरवून पुसू नका.

पैसे कुठे घालायचे, कुठे नाही

जुन्या संगणकातली जुनी हार्ड डिस्क कुटुंबाच्या फोटोंसाठी वापरू नका. तिची प्रकृती पाहायची असेल तर ‘स्मार्ट’ नावाचा अहवाल मोफत सॉफ्टवेअरने वाचता येतो. त्यात बदली टाकलेले आणि प्रतीक्षेत असलेले सेक्टर हे दोन आकडे शून्य हवेत. चालू राहिल्याचे एकूण तासही दिसतात. वर्षाचे ८,७६० तास धरले तर यंत्र किती राबलं ते कळतं. अहवाल स्वच्छ असला तरी दहा वर्षांची डिस्क दुय्यम प्रतीसाठी ठेवा, मूळ साठ्यासाठी नको. सेकंडहँड मोठ्या डिस्क बाजारात स्वस्त दिसतात, त्यांचे तास पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

डिस्क नव्या घ्या आणि दोन घ्या. २ टीबीची एक साधारण साडेपाच ते सात हजारांना पडते, ४ टीबीची ८ ते १३ हजारांना. दुसरी डिस्क हा ऐच्छिक खर्च समजू नका. एकच डिस्क असलेला सर्व्हर म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या आठवणी एकाच मोटरच्या भरवशावर ठेवणं. दोन्ही डिस्कवर एकाच वेळी तेच लिहिलं जाईल अशी ‘रेड’ पद्धतीची मांडणी अनेक जण सुचवतात. त्याने डिस्क बिघडल्यावर काम अडत नाही हे खरं, पण चुकून पुसलेली फाइल दोन्हीकडून एकदमच पुसली जाते. घरासाठी मला साधी पद्धत पटते. एक डिस्क सर्व्हरमध्ये ठेवायची. दुसरी बाहेरची, आठवड्यातून एकदा जोडायची, प्रत घ्यायची आणि काढून वेगळ्या खोलीत ठेवायची. शक्य असेल तर भावाच्या किंवा बहिणीच्या घरी. वीज कोसळली, पाणी शिरलं, चोरी झाली तरी एक प्रत वाचते.

बाकीचे खर्च लहान आहेत. लिनक्ससाठी २४० जीबीची एसएसडी दोन हजारांच्या आसपास. रॅम ८ जीबी असावी. डीडीआर-३ जातीची जुनी पट्टी हजारभरात मिळू शकते, पण २०२५च्या अखेरीपासून रॅमचे भाव जगभर चढले आहेत, तेव्हा दोन दुकानांत विचारा. बायोसचा नाण्याएवढा सीआर२०३२ सेल पन्नास रुपयांच्या आत येतो. तो बदलाच, नाहीतर वीज गेल्यावर यंत्र तारीख विसरतं आणि बॅकअपचं वेळापत्रक बिघडतं. प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट बदलायला दीड-दोनशे रुपये लागतात. एसएमपीएसमधून आवाज किंवा वास येत असेल तर मात्र काटकसर नको, नवा चांगल्या कंपनीचा घ्या. चोवीस तास चालणाऱ्या यंत्रात तो सर्वांत धोक्याचा भाग आहे. सॉकेटला खरं अर्थिंग आहे का, हेही वायरमनकडून तपासून घ्या.

राऊटरपासून सर्व्हरपर्यंत तारच टाका, वाय-फायवर ठेवू नका. तारेच्या आतल्या आठही तारा जोडलेल्या हव्यात. चारच जोडल्या असतील तर वेग १०० मेगाबिटवर अडकतो. १०० जीबी फोटो तेवढ्या वेगाने चढवायला सुमारे अडीच तास लागतात, तेच गिगाबिटवर पंधरा-वीस मिनिटांत होतं.

लॅपटॉप वापरणार असाल तर बॅटरी फुगली आहे का ते आधी पाहा. फुगलेली असेल तर तिला टोचू नका, दाबू नका, काढून ई-कचरा केंद्रात द्या. अनेक लॅपटॉप बॅटरीशिवाय नुसत्या चार्जरवर चालतात. बॅटरी शाबूत असेल तर ती फुकटच्या यूपीएसचं काम करते आणि तीन हजार रुपये वाचतात. लॅपटॉपची मर्यादा एवढीच की आत एक-दोनच डिस्क बसतात, मोठा साठा यूएसबीने जोडावा लागतो. तरीही बहुतेक घरांसाठी जुना लॅपटॉप हाच सर्वांत शहाणा पर्याय आहे.

वीज जाते तेव्हा

चालू डिस्कवर लिहिणं सुरू असताना वीज गेली की फाइल अर्धवट राहते, कधी अख्खा विभाग वाचेनासा होतो. डेस्कटॉपला ६०० व्हीएचा यूपीएस जोडा. तो अडीच ते साडेतीन हजारांना मिळतो आणि त्याची बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदलावी लागते. घरी इन्व्हर्टर असेल तर तो ‘यूपीएस मोड’वर आहे का ते पाहा. साध्या मोडवर बदल व्हायला लागणारा क्षण संगणक बंद पडायला पुरेसा असतो. यूपीएसला यूएसबीची तार असेल तर मोफत सॉफ्टवेअरने सर्व्हरला ‘बॅटरी संपत आली, व्यवस्थित बंद हो’ असं सांगता येतं. यूपीएस घेताना ही तार मागून घ्या.

वीज परत आल्यावर यंत्र आपोआप सुरू व्हावं यासाठी बायोसमध्ये पर्याय असतो, त्याचं नाव ‘एसी पॉवर रिकव्हरी’ किंवा त्यासारखं काहीतरी. तो ‘ऑन’ करा. हे केलं नाही तर गावाला गेल्यावर सर्व्हर बंद पडून राहील. जागा राऊटरजवळची, हवा खेळती असलेली निवडा. माळ्यावर पत्र्याखाली उन्हाळ्यात डिस्क भाजून निघतात.

सॉफ्टवेअरला पैसे लागत नाहीत

डेबियन लिनक्सवर आधारलेलं ओपनमीडियाव्हॉल्ट जुन्या यंत्रांना मानवतं. ते एकदा टाकलं की पुढे सगळं दुसऱ्या संगणकाच्या ब्राउझरमधून चालवता येतं, सर्व्हरला पडदा-कीबोर्ड लागत नाही. ट्रूनॅस जास्त ताकदीचं आहे, पण किमान ८ जीबी रॅम मागतं. फार जुन्या ३२ बिटच्या यंत्रांचा नाद सोडा. ऑगस्ट २०२५मध्ये आलेल्या डेबियन १३ने त्यांच्यासाठीचा इन्स्टॉलर बंद केला आहे. फोटोंसाठी इमिच, टीव्हीवर व्हिडिओ पाहण्यासाठी जेलीफिन, दोन्ही मोफत. फोनवर एच.२६५मध्ये घेतलेला व्हिडिओ टीव्हीला समजला नाही तर सर्व्हरला तो चालता चालता बदलून द्यावा लागतो, आणि चौथ्या पिढीच्या प्रोसेसरमध्ये त्यासाठीची सोय नाही. हे काम रोजचं असेल तर सातव्या पिढीपासून पुढचं यंत्र पाहा.

जुळणी स्वतः करायची तर एक रविवार द्या. जमत नसेल तर ओळखीच्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला रीतसर मोबदला देऊन बोलवा, पण पासवर्ड तुमच्या हाताने घाला आणि केलेली प्रत्येक पायरी वहीत लिहून घ्या.

घराबाहेरून सर्व्हर पाहायची इच्छा होतेच. त्यासाठी राऊटरमधून थेट दार उघडू नका. जानेवारी २०२२मध्ये ‘डेडबोल्ट’ या खंडणीखोर सॉफ्टवेअरने क्यूनॅप कंपनीची इंटरनेटवर उघडी असलेली साठवण यंत्रं शोधून लोकांच्या फाइली कुलूपबंद केल्या आणि बिटकॉइनमध्ये खंडणी मागितली. टेलस्केलसारखी खासगी जाळ्याची सेवा घरगुती वापराला मोफत आहे. इंटरनेट कंपनी तुम्हाला स्वतंत्र आयपी देत नसेल तरी ती चालते. जुन्या टीव्हीसाठी फाइली वाटून घेण्याची ‘एसएमबी १’ ही जुनी पद्धत चालू करा असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. मे २०१७मधलं वॉनाक्राय हे खंडणीखोर सॉफ्टवेअर याच जुन्या रस्त्याने पसरलं होतं.

पाच वर्षांचा हिशोब

३० वॅटचा डेस्कटॉप, दिवसाला सोळा तास. दोन डिस्क १२,०००, एसएसडी २,०००, रॅम १,०००, किरकोळ ६००, यूपीएस ३,००० आणि त्याची एक बॅटरी १,०००. वीज वर्षाला २,१००, म्हणजे पाच वर्षांचे १०,५००. एकूण ३०,१०० रुपये. जुना लॅपटॉप १२ वॅटवर चोवीस तास चालवला तर वीज पाच वर्षांत ६,३००, दोन बाहेरच्या डिस्क १३,०००, एसएसडी आणि किरकोळ मिळून २,५००. एकूण २१,८००.

आता समोरची बाजू. गुगल वनची २ टीबीची जागा भारतात वर्षाला ६,५०० रुपयांना मिळत आली आहे, पाच वर्षांचे ३२,५००. २०० जीबी मिळत आली आहे २,१००ला, पाच वर्षांचे साडेदहा हजार. तुमच्या घराचा सगळा साठा २०० जीबीत मावत असेल तर सर्व्हरच्या वाटेला जाऊ नका, पैशांच्या दृष्टीने तो कधीच परवडणार नाही. २ टीबीच्या आसपास डेस्कटॉप बरोबरीला येतो आणि लॅपटॉप स्पष्ट स्वस्त पडतो. त्यापुढे साठा वाढत गेला तर घरचा सर्व्हर दर वर्षी अधिकाधिक फायद्याचा ठरतो, कारण वाढतो तो फक्त डिस्कचा खर्च. लग्नसमारंभांचं छायाचित्रण करणारे, यूट्यूबसाठी व्हिडिओ बनवणारे, नाटकांच्या तालमी चित्रित करून ठेवणाऱ्या संस्था यांनी हा विचार जरूर करावा.

दर सहा महिन्यांनी एक तास राखून ठेवा. बाहेरची डिस्क दुसऱ्याच संगणकाला जोडा, वेगवेगळ्या वर्षांचे दहा-वीस फोटो आणि दोन-तीन व्हिडिओ उघडून पाहा. उघडले नाहीत तर त्याच आठवड्यात नवी डिस्क आणा. आणि सर्व्हरचे पासवर्ड लिहिलेली वही घरातल्या दुसऱ्या माणसाला कुठे आहे ते सांगून ठेवा.